गाडीत काही नाही

मास्तरांनी कधी कुठल्या शाळेत शिकवलं नव्हतं. शाळेत गेले ते सातवीपर्यंत, तेही वडिलांच्या पट्ट्याला भिऊन. पण गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारा हा माणूस गिऱ्हाइकाला समोर उभं करून असा धडा द्यायचा, की परीक्षा परवडली. दिव्याची वायर कुठून निघते, कुठे जाते, तुम्ही सेल्फ मारता तेव्हा बॅटरीच्या जिवावर काय बेततं, सगळं ऐकून घेतल्याशिवाय चावी परत मिळायची नाही. लोक आधी चेष्टेने मास्तर म्हणायला लागले आणि मग तेच नाव पडलं. खरं नाव बायकोला आणि विजेच्या बिलाला, दोघांनाच ठाऊक.

दुकान म्हणजे पत्र्याखालची दोन गाड्यांची जागा. भिंतीला फळी, फळीला खिळे, खिळ्यांना वायरींची वेटोळी. फ्यूज रंगाप्रमाणे वेगवेगळ्या बरण्यांत. मास्तरांच्या पँटला अ‍ॅसिडची इतकी भोकं, की बायको म्हणायची, "ही पँट आहे की चाळण?" तिची दुसरी तक्रार अशी, की जगाच्या गाड्यांत उजेड पाडणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या मोरीतला बल्ब दोन-दोन महिने गेलेला असतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मास्तरांचं उत्तर ठरलेलं, "का? अंधारात पाणी ओलं लागत नाही का तुला?" झालं, विषय संपला.

तर असा माणूस. तोंडाळ, हेकट, पण कामाला चोख. दुसरे वर्कशॉपवाले अडले की मुकाट्याने गाडी यांच्याकडे पाठवायचे आणि वर सांगायचे, बाबा, आधी लेक्चर ऐकून घे. चाळीस वर्षांत मास्तरांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ झाला होता. त्यांनी 'गाडीत काही नाही' म्हटलं की नाही. मग ज्याचं त्याने घरी जाऊन भांडावं.

आणि भांडणं व्हायचीच. बॅटरी उतरते म्हणून येणाऱ्या दहा गाड्यांपैकी सहा-सात गाड्यांत काही बिघाड नसतोच हो. कुणी आतला दिवा चालू ठेवलेला असतो, कुणाची डिकी नीट लागलेली नसते. मास्तरांनी यावर एक विनोदच बसवला होता: "गाडीला आजार नाही, चालवणाऱ्याला विसर आहे." चालवणारी बाई असली की 'चालवणाऱ्याला'च्या जागी 'वहिनींना'. हशा हमखास. स्वतः मास्तरही दरवेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसायचे.

ती लहान पांढरी गाडी दुकानात आली ती एका मंगळवारी, अकराच्या सुमारास. चालवत होती सून आणि शेजारी बसली होती सासू. सून पस्तिशीची, हडकुळी, एका शाळेच्या ग्रंथालयात कामाला. सासूबाई भक्कम, पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसलेल्या. सून उतरली आणि तिने न विचारता सगळं क्रमाने सांगितलं. महिन्यात तिसऱ्यांदा बॅटरी उतरली. कधी आठवडाभर काही होत नाही, कधी एका रात्रीत खलास. बॅटरी नवीनच आहे, वर्षसुद्धा झालेलं नाही.

"आमच्याकडे सासऱ्यांना दोन झटके येऊन गेलेत, काका," ती म्हणाली. "डॉक्टरांनी सांगून ठेवलंय, तिसऱ्या वेळी कुणाची वाट बघू नका, तडक घेऊन या. घर आमचं पार चढावर. अ‍ॅम्ब्युलन्स बोलवली तर यायलाच अर्धा तास. यांची नोकरी बाहेरगावी, महिन्यातून दोनदा येतात. म्हणजे गाडी न् मी, एवढंच आहे घरात. ती चालूच व्हायला पाहिजे."

"होईल की," मास्तर म्हणाले. "न व्हायला काय झालं?"

आता हे काम कसं करतात ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. गाडी बंद केली तरी ती पुरती बंद नसते. घड्याळ चालू असतं, दारांची कुलपं जागी असतात, त्यासाठी ती बॅटरीतून घोट-घोट करंट पीत असते. तो किती, हे मोजायचं तर बॅटरी आणि वायर यांच्या मधोमध मीटर बसवावा लागतो, आणि त्यासाठी बॅटरीवरचा क्लँप उचलावा लागतो. उचलला की गाडीचा करंट क्षणभर तुटतो. जुन्या गाड्यांत याने काही बिघडायचं नाही. नव्या गाड्यांत मात्र जागोजागी छोट्या डब्या असतात, कुलपांची एक, काचांची एक, आणि प्रत्येकीला थोडं-थोडं डोकं. त्यातली एखादी अडकून जागीच राहिली असेल आणि तुम्ही करंट तोडलात, की ती सगळं विसरते आणि करंट परत मिळाल्यावर शहाण्यासारखी झोपी जाते. आजारी पोराचा ताप डॉक्टरच्या दारात उतरतो ना, तसंच. मग मीटर काय दाखवणार? काही नाही.

म्हणून आधी दोन टोकांना चिमटे असलेली एक तार बॅटरीच्या खुंटाला आणि क्लँपला जोडायची, मग क्लँप उचलायचा, मीटर बसवायचा आणि मग तार काढायची. करंट पापणी लवेपर्यंतसुद्धा तुटता कामा नये. वर गाडी कुलूप लावून तासन् तास सोडून द्यायची, मधेच दार उघडायचं नाही. हे मास्तरांना ठाऊक होतं. ठाऊक काय, त्यांनीच चार जणांना शिकवलं होतं. ती तार फळीच्या तिसऱ्या खिळ्यावर लटकत होती, हात लांब केला असता तर मिळाली असती.

त्या दिवशी त्यांनी हात लांब केला नाही. कशाला खोटं सांगू? चालवायच्या बाजूने बाई उतरली तेव्हाच मास्तरांचं निदान झालं होतं. पुढचं सगळं नुसतं गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. दहाचा पाना घेतला, क्लँप सैल केला, उचलला, मीटर लावला. दहा मिनिटं थांबले. मीटरवर तीस मिली, म्हणजे मिलीअँपिअर. एका सुदृढ झोपलेल्या गाडीला लागतात तेवढेच.

"बघा," मास्तर म्हणाले, "बाळ निजलंय गाढ. गाडीत काही नाही."

"मग उतरते कशी, काका?"

"कशी म्हणजे? आतला दिवा चालू राहत असेल."

"मी नाही ठेवत चालू. उतरल्यावर दोनदा बघते मी."

"सगळे असंच म्हणतात," मास्तर म्हणाले. मग त्यांनी सासूबाईंकडे वळून डोळे मिचकावले आणि तो विनोद सोडला. "गाडीला आजार नाही आजी, वहिनींना विसर आहे."

सासूबाई हसल्या. पर्स हलेपर्यंत हसल्या. घरात दोन झटक्यांनंतर बहुधा त्या प्रथमच अशा हसल्या असतील. "मी म्हणतच होते," त्या म्हणाल्या, "हिचं लक्ष कुठे असतं देव जाणे."

सून हसली नाही. ती म्हणाली, "तुम्ही गाडी दोन दिवस ठेवून घ्या ना काका. नीट बघा."

"अहो वहिनी, चाळीस वर्षं हेच बघतोय. छातीठोक सांगतो, गाडीत काही नाही. दिव्याचं बटण बघत जा, बस्स."

तिने चावी घेतली. तोंडात मारल्यासारखा चेहरा झाला होता तिचा, पण मास्तर तोवर पुढच्या गाडीकडे वळले होते.

त्यानंतर पाचेक आठवड्यांनी तीच गाडी दुसऱ्या गाडीला दोर बांधून ओढत आणली गेली. आणणारा मुलगा, म्हणजे त्या सुनेचा नवरा. मास्तरांनी गाडी ओळखली. माणसं नाही लक्षात राहायची त्यांच्या, पण गाड्या राहायच्या.

"काय," मास्तर लांबूनच ओरडले, "वहिनी पुन्हा विसरल्या वाटतं?"

उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय!

तो माणूस दोर सोडून जवळ आला. मग म्हणाला, "बाबा गेले."

मास्तरांनी हातातला पाना खाली ठेवला. त्याला स्टूल दिलं, पाणी दिलं. त्याने जे सांगितलं ते थोडक्यात असं. तीन आठवड्यांपूर्वी शुक्रवारी संध्याकाळी बायकोने कामावरून येऊन गाडी लावली ती रविवारी दुपारपर्यंत हलवली नव्हती. रविवारी जेवणं झाल्यावर बाबांच्या छातीत दुखायला लागलं. तिने त्यांना धरून-धरून गाडीत आणून बसवलं, पट्टासुद्धा लावला, आणि सेल्फ मारला. नुसतं टिकटिक. पुन्हा मारला, तेही नाही. शेजारी कुणी घरी नाही. अ‍ॅम्ब्युलन्सला फोन केला, तर ती दुसरीकडे गेलेली. मग ती स्वतः उतार पळत खाली मोठ्या रस्त्यावर गेली, आडवी होऊन एक टेंपो थांबवला आणि वर आणला. बाबा गाडीत पट्टा लावून बसलेलेच होते. दवाखान्यात पोचायला पाऊण तासाच्या वर गेला.

"डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणलं असतं तर," मुलगा म्हणाला आणि थांबला.

डॉक्टर बोलून गेला. त्याचं काय जातं हो? त्याने एक वाक्य टाकलं, ते यांच्या घरात तीन आठवडे सगळ्यांबरोबर जेवायला बसत होतं.

"आई तिला काही बोलत नाही," मुलगा सांगत होता. "एक शब्द नाही. पण ही कुठल्याही खोलीतून बाहेर पडली की आई मागून जाते आणि बटणं बघते. पंखा, दिवा, गॅस. रोज. मी तरी काय बोलू? मी तिथे नव्हतोच. पण मास्तर, तुम्ही तिला सांगितलं होतं ना? आई म्हणते, स्पष्ट सांगितलं होतं."

"सांगितलं होतं," मास्तर म्हणाले.

"तेच. एवढं सांगूनसुद्धा." त्याने तोंडावरून हात फिरवला. "ती माहेरी जाते म्हणाली. रविवारी जाणार आहे. मी नको म्हटलं नाही. खरं सांगू का मास्तर, मला तिच्या तोंडाकडे बघवत नाही. गाडी विकायचीय. चालू करून ठेवा म्हणजे झालं."

मास्तरांनी मान हलवली. तो गेल्यावर त्यांनी बॅटरी काढून चार्जिंगला लावली. संध्याकाळी ती भरली तशी गाडीत बसवली, एकदा सेल्फ मारून बघितला, आतल्या दिव्याचं बटण स्वतःच्या बोटाने बंद केलं, दारं लावली, डिकी लावली, कुलूप केलं आणि चावी खणात टाकून घरी गेले.

सकाळी येऊन चावी फिरवली. टिकटिक.

मास्तर सीटवर तसेच बसून राहिले. चावी यांच्या खणात, खणाची किल्ली यांच्या कमरेला. दिवा कोणी चालू ठेवला असेल? भुताने? वर बघितलं, दिवा बंदच होता. मागे वळून डिकी बघितली, नीट लागलेली. आणि मग मास्तरांना स्वतःचंच वाक्य आठवलं, चालवणाऱ्याला विसर आहे. आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवत आले होते, ते स्वतःला कसं लागतं हे त्या दिवशी कळलं.

त्या दिवशी त्यांनी दुसरं काम हातात घेतलं नाही. आलेल्या गिऱ्हाइकांना नंतर या म्हणाले, लेक्चर न देता, त्यामुळे तेच बिचारे काळजीत पडले. बॅटरी पुन्हा भरली. तिसऱ्या खिळ्यावरची तार काढली, चिमटे पुसून घेतले, आधी तार, मग क्लँप, मग मीटर, जसं शिकवायचे अगदी तसं. गाडी कुलूप लावून सोडली. अर्ध्या तासाने तीस मिली. गाडी झोपलेली. उघडली, पुन्हा लावली. तीस मिली. दहा वेळा केलं. दुपार टळून गेली, डबा तसाच. अकराव्या वेळी त्यांनी दारांऐवजी डिकीकडून कुलूप लावलं आणि मीटरवर आकडा नऊशेवर जाऊन बसला. पंधरा मिनिटं गेली. नऊशे. तास गेला. नऊशे. कुठे बारीक आवाज नाही, कुठे उजेड नाही, गाडी बाहेरून मेल्यासारखी गप्प, आणि आत बसून कुणीतरी बॅटरी खातंय.

त्यांनी खाली वाकून डॅशबोर्डच्या खालून हात घातला. बंद गाडीत हाताला ऊब लागली. तिथेच कुलपांची डबी होती.

डबी काढायच्या आधी त्यांनी तिचा फ्यूज उपटला. आकडा धाडकन तीसवर आला. मग त्यांनी तोच फ्यूज परत बसवला आणि मीटरकडे बघत राहिले. तीस. तीसच. डबीला क्षणभर करंट मिळाला नव्हता, तेवढ्याने ती सगळं विसरून झोपली होती. पाच आठवड्यांपूर्वी दहाच्या पान्याने क्लँप उचलला तेव्हा मास्तरांनी हेच केलं होतं. चोराला हाताला धरून मागच्या दाराने घालवून दिलं होतं, आणि पुढच्या दाराला उभं राहून म्हणाले होते, घरात कुणी नाही.

डबी उघडली. पुढच्या काचेच्या कोपऱ्यातून पाणी झिरपून आत आलेलं. आतल्या एका पिनेला गंजाचं हिरवट मीठ धरलेलं, नखाने खरवडलं तर भुगा पडला. दोन दिवस ठेवून घ्या, नीट बघा, असं ती म्हणाली होती. दोन दिवसही लागले नसते.

घरी गेल्यावर मास्तरांनी ताट पुढे सारलं. बायकोला सांगावं लागलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मग बराच वेळ ती भांडी उगीच इकडची तिकडे करत राहिली.

"डबी नवीन टाका न् गाडी द्या," ती म्हणाली. "कुणाला कळणार आहे? सांगून काय म्हातारा परत येणार आहे?"

"म्हातारा नाही गं. ती बाई."

"त्या बाईचं तुम्ही काय करणार? तिचं घर ते बघून घेईल. आणि लोक काय म्हणतील तुम्हाला? या वयात दुकानावर कोण येईल?" मग तिचा आवाज बदलला. "माणूस गेलंय हो. उद्या तो मुलगा तुमच्या अंगावर धावून आला तर?"

"यायलाच पाहिजे."

"काही नको. गप्प बसा."

मास्तर गप्प बसले. दोन दिवस गप्प बसले, हेही सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल फार मोठा माणूस. डबी नवीन टाकली. काचेची कड भरून घेतली. गाडी पुसून ठेवली. एकदा तर मुलाला फोन लावून 'गाडी तयार आहे' असं म्हणायची वाक्यं मनात जुळवली. पण दर वेळी डोळ्यांपुढे ती बाई यायची, खोलीतून बाहेर पडणारी, आणि मागून बटणं बघायला जाणारी सासू. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि न्यायाधीश आपण. शनिवारी दुपारी त्यांनी जुनी डबी फडक्यात बांधली आणि गाडी घेऊन ते चढ चढले.

घर छोटं, स्वच्छ. बाहेरच्या खोलीत खिडकीशी एक आरामखुर्ची, तिच्यावर घडी केलेली चादर, कुणी बसू नये म्हणून ठेवल्यासारखी. कोपऱ्यातल्या टोपलीत औषधांच्या पट्ट्या अजून तशाच. दाराशी एक भरलेली बॅग. मुलगा सुट्टीवर घरीच होता. सासूबाई पलंगावर बसल्या होत्या, पाच आठवड्यांपूर्वीची भक्कम बाई आता अंगातून हवा गेल्यासारखी झाली होती. सुनेने पाणी आणून ठेवलं आणि ती दाराच्या चौकटीशी उभी राहिली, ना आत ना बाहेर.

मास्तरांनी पाण्याला हात लावला नाही. फडकं सोडलं, डबी टेबलावर ठेवली आणि बोलायला सुरुवात केली. आयुष्यभर माणसांना समोर उभं करून बोललेला हा माणूस, पण त्या दिवशी त्यांची वाक्यं पुरी होईनात. तरी त्यांनी सगळं सांगितलं. चावी खणात होती ते, टिकटिक, अकरा वेळा कुलूप लावलं ते, नऊशे, ऊब, हिरवं मीठ. आणि मग जे सांगायला आले होते ते.

"त्या मंगळवारी मी आधी तार जोडली असती, एक दिवस गाडी ठेवून घेतली असती, तर हे तेव्हाच सापडलं असतं. वहिनी म्हणत होत्या, ठेवून घ्या. मी नीट बघितलंच नाही. बाई चालवते म्हणजे दिवाच राहिला असणार, असं धरून चाललो. गाडी बिघडलेली होती. चूक माझी आहे. यांची नाही."

मुलगा उठला, डबी हातात घेतली, उलटसुलट करून बघितली. त्याच्या हाताला हिरवा भुगा लागला. तो अंगावर धावून आला नाही. त्याने डबी ठेवली आणि तो कपाळाला हात लावून खाली बसला.

सासूबाई म्हणाल्या, "मग तुम्ही हसलात कशाला?"

"चुकलो, आजी."

"एवढं माहीत नव्हतं, तर हसलात कशाला हो?" त्यांचा आवाज चढला. "माझा माणूस गेला! ती पोरगी सांगत होती, नाही ठेवत मी दिवा, आणि तुम्ही दात काढत होतात!" आणि मग एकदम त्यांचा आवाज बसला. "मी पण हसले," त्या म्हणाल्या. "मी तुमच्यापेक्षा जास्त हसले." त्यांनी पदर तोंडात कोंबला आणि त्या इतक्या हमसून रडायला लागल्या, की पलंग हलला.

मुलगा बायकोकडे वळला. "ऐकलंस ना?" तो म्हणाला. "अगं, तुझं काही चुकलं नव्हतं. काहीच नव्हतं तुझं. ती बॅग ठेव आत."

सून चौकटीशी उभीच होती. तिच्या चेहऱ्यावर सुटका दिसेल म्हणून मास्तर बघत होते. दोन रात्री याच एका क्षणासाठी त्यांनी धीर गोळा केला होता. ती सावकाश म्हणाली, "पण दिवा चालू होता, काका."

"नव्हता, वहिनी. सांगतोय ना मी, डबी..."

"डबी बिघडली असेल. पण दिवाही चालू होता. मला आठवतंय." तिचा आवाज अगदी साधा होता, ग्रंथालयात कुणाला पुस्तक कुठे आहे ते सांगावं तसा. "शुक्रवारी मी बाबांच्या गोळ्या आणल्या होत्या. चिठ्ठी सीटखाली पडली. ती शोधायला मी दिवा लावला. तेवढ्यात आईंनी वरून हाक मारली. मी पिशवी उचलली न् गेले. बंद करायला हात वर केल्याचं मला आठवत नाही. आधी हे आठवत नव्हतं. पहिल्या आठवड्यात मी सगळ्यांना सांगत होते, मी बंद केला, मी दोनदा बघितलं. मग रोज रात्री आठवत बसले, आणि मग आठवलं. आता मला तो पिवळा उजेड दिसतो. सीटवर पडलेला."

"मी तुला हाक मारलीच नव्हती शुक्रवारी," सासूबाई रडता रडता म्हणाल्या. "अगं, मी झोपले होते. डोकं दुखत होतं माझं."

"मारली होतीत, आई."

मुलगा उठून तिच्याजवळ गेला. तिने त्याचा हात खांद्यावर राहू दिला, पण ती त्याच्याकडे बघत नव्हती. ती मास्तरांकडे बघत होती. "तुमचा मीटर सांगतो का," तिने विचारलं, "त्या शुक्रवारी दिवा बंद होता म्हणून?"

मीटर असलं काही सांगत नाही. तो आत्ताचं सांगतो, या घटकेचं. मागच्या एखाद्या शुक्रवारी कुठल्या गाडीत काय चालू होतं हे जगातला कुठलाच मीटर सांगू शकत नाही, आणि हे मास्तरांहून जास्त कुणाला ठाऊक असणार? पण तिघंही त्यांच्याकडे बघत होते. चाळीस वर्षांत कामाच्या बाबतीत मास्तर जाणूनबुजून खोटं बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले.

"सांगतो," ते म्हणाले. "बंदच होता, वहिनी. छातीठोक सांगतो."

तिने त्यांच्याकडे बघितलं. तिच्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

"त्या दिवशीही तुम्ही छातीठोकच सांगितलं होतंत, काका," ती म्हणाली. मग तिने टेबलावरचा पाण्याचा पेला उचलला आणि ती आत गेली.